लढाई आपल्यासाठी थांबते

जपानमधल्या सगळ्यात लाडक्या राक्षसांपैकी एकाला ना हात आहेत, ना पाय. निळ्या पाण्याच्या थेंबासारखा आकार, वर छोटंसं टोक, दोन टपोरे डोळे आणि तोंडभर हसू. त्याचं नाव स्लाइम. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या व्हिडिओ गेमच्या मालिकेत तलवार घेऊन गावाबाहेर पाऊल टाकलं की पहिली गाठ बहुधा याच्याशीच पडते. या मालिकेचे जनक युजी होरी यांनी काढलेलं या राक्षसाचं कच्चं चित्र म्हणे चिखलाच्या गोळ्यासारखं होतं. चित्रकार अकिरा तोरियामा यांनी त्याचा हा गोंडस थेंब केला. हे तेच तोरियामा, ज्यांचा ‘ड्रॅगन बॉल’ आपल्याकडच्या मुलांनीही आवडीनं पाहिला.

मालिका जपानमध्ये २७ मे १९८६ रोजी सुरू झाली. आमच्या घरी आहे तो तिचा अकरावा भाग. जपानमध्ये तो २०१७ साली आला आणि इंग्रजीत २०१८ साली. त्याची नंतर निघालेली वाढीव आवृत्ती मी लॅपटॉपवर घेतली, लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि गेल्या सहा आठवड्यांत आमचा साधारण पंधरा तास खेळ झाला. पूर्ण खेळ याच्या कितीतरी पट मोठा आहे. त्यामुळे याला परीक्षण म्हणू नका. सुरुवातीच्या लढायांनी मनावर जे ठसे उमटवले, तेवढेच सांगते. आणि या पंधरा तासांतला एकही तास मी एकटी खेळलेले नाही. शेजारी बाबा होते.

‘तुम्ही खेळा, मी बघतो’

बाबा ७३ वर्षांचे. सगळं आयुष्य मिरजेत गेलं. एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. तीन वर्षांपूर्वी त्यांना पार्किन्सन्सचं निदान झालं. उजवा हात थरथरतो, ते सगळ्यांना दिसतं. पण खरा त्रास न दिसणारा आहे. हालचाल सुरू व्हायलाच वेळ लागतो. पेला उचलावा असं मनात येतं, आणि हात निघतो तो काही क्षणांनी.

आधी कॅरम सुटला. मग पत्ते सुटले, कारण तेरा पानं हातात धरून लावणं जमेना. गेल्या दिवाळीत बाथरूममध्ये पडले, तेव्हा मी आईबाबांना बेंगळुरूला माझ्याकडे घेऊन आले. इथे त्यांचं सगळं आम्ही ठरवतो. गोळी किती वाजता, फिरायला किती वेळ, डॉक्टर कोणता, भाजी कोणती. बाबा प्रत्येक गोष्टीला ‘बरं’ म्हणतात.

सुट्टीत माझ्या बारा वर्षांच्या मुलानं त्यांना क्रिकेटच्या एका गेममध्ये ओढलं. गोलंदाज धावत आला, चेंडू टप्पा पडून आत आला, स्टंप उडाले आणि मग बाबांचा अंगठा बटणावर पोहोचला. असं तीनदा झालं. चेंडू कुठे पडणार हे त्यांना दर वेळी आधी कळत होतं, ते तोंडानं सांगतही होते. चौथ्या वेळी त्यांनी कंट्रोलर नातवाच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, ‘तुम्ही खेळा, मी बघतो.’ तीन वर्षांत हे वाक्य आम्ही फार वेळा ऐकलं होतं.

ऑफिसमधल्या एका सहकाऱ्यानं सुचवलं, की जपानी धर्तीचे ‘टर्न-बेस्ड’ खेळ असतात ते बघ. म्हणजे बुद्धिबळासारखे, आळीपाळीनं खेळायचे. त्यातला सगळ्यात जुना वारसा ड्रॅगन क्वेस्टचा. म्हणून हा खेळ घरात आला.

घड्याळ नसलेली लढाई

गोष्ट अशी सुरू होते. कॉबलस्टोन नावाच्या एका खेड्यातला मुलगा सोळा वर्षांचा होतो. गावच्या रीतीप्रमाणे त्याला जेमा या बालमैत्रिणीबरोबर गावाजवळच्या पवित्र डोंगरावर जायचं असतं. वाटेत स्लाइम उड्या मारत फिरत असतात. एकाला धक्का लागला की चित्र बदलतं आणि लढाई सुरू होते.

मी सवयीनं कंट्रोलर घट्ट धरला. काहीच झालं नाही. पडद्यावर एक छोटी यादी आली. वार करायचा, एखादी विद्या वापरायची, पिशवीतली वस्तू काढायची, बचाव करायचा की पळून जायचं? स्लाइम समोर डोलत होता, हसत होता.

‘आता?’ बाबांनी विचारलं.

‘आता तुम्ही सांगा काय करायचं.’

‘किती वेळ आहे?’

‘हवा तेवढा.’

त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी समोरचा चहाचा कप उचलला. हल्ली अर्धाच भरतो आम्ही तो. सावकाश चहा संपवला, कप खाली ठेवला, रुमालानं मिशी पुसली. स्लाइम होता तिथेच डोलत होता. ‘मार,’ बाबा म्हणाले. मी बटण दाबलं.

या खेळातल्या लढाईची माझ्यावर पडलेली पहिली छाप हीच. इथे वेग मोजला जातो, पण तो पात्राचा. प्रत्येकाला चपळाईचा एक आकडा असतो. ज्याची चपळाई जास्त, त्याची खेळी आधी येते. आपली बोटं किती चपळ आहेत हे खेळ विचारतच नाही. मालिकेतल्या आधीच्या बहुतेक भागांत फेरीच्या सुरुवातीलाच सगळ्या साथीदारांना हुकूम देऊन टाकायचे आणि मग काय होतं ते बघत बसायचं, अशी पद्धत होती. अकराव्या भागात ज्याची खेळी येईल त्याच्यासाठी त्या क्षणी ठरवता येतं. त्यामुळे मधल्या मध्ये एखादा साथीदार जखमी झाला, तर बेत बदलायला वाव राहतो.

एक गंमतही सांगते. लढाई चालू असताना आपल्या पात्राला मैदानात इकडेतिकडे चालवता येतं. बाबांनी लगेच डाव टाकला. ‘त्याला लांब ने. झाडामागे उभा कर, म्हणजे फटका बसणार नाही.’ मी नेलं. स्लाइमनं उडी मारली आणि फटका बरोबर बसला. कुठेही उभे राहा, निकालावर काडीचा परिणाम होत नाही. बाबा खो खो हसले. ‘म्हणजे नुसतीच येरझार!’ सेटिंगमध्ये जुन्या पद्धतीचं दृश्य निवडता येतं, त्यात माणसं आपापल्या जागी उभी राहतात. आम्ही तेच ठेवलं.

शिवाय भाषेचा प्रश्न होता. आम्ही खेळतो ती आवृत्ती इंग्रजीत आहे. मराठी सोडा, हिंदीही नाही. बाबांना इंग्रजी वाचता येतं, पण सावकाश, आणि या खेळातले मंत्र आणि राक्षस यांची नावं म्हणजे बहुतेक शब्दांच्या कोट्या. धावत्या खेळात मी भाषांतर करेपर्यंत सगळं आटोपलं असतं. इथे मी वाक्य वाचते, मराठीत सांगते, ते एक प्रश्न विचारतात, आई स्वयंपाकघरातून दुसरा विचारते, आणि तोवर राक्षस वाट बघत उभा असतो.

हा संथपणा आला कुठून?

ही पद्धत म्हणजे जुन्या तंत्राचा दोष असावा, असं माझ्या मुलाचं ठाम मत होतं. ‘तेव्हा कॉम्प्युटर स्लो होते गं.’ पण तेव्हाच्या जपानमध्ये धावपळीचे, उड्या मारण्याचे खेळ भरपूर होते आणि ते चांगले खपत होते. होरी यांना अमेरिकेतले ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ हे कॉम्प्युटरवरचे खेळ आवडत. ते कीबोर्डवर खेळायचे आणि नवख्या माणसाला किचकट वाटायचे. जपानी घरांत होता निन्टेंडोचा फॅमिकॉम. त्याला कीबोर्ड नव्हता, मोजकी बटणं असलेला छोटा कंट्रोलर होता. असा खेळ ज्यांनी कधीच खेळलेला नाही त्यांनाही तो जमावा, हा होरी यांचा विचार. म्हणून लढाईच्या पडद्यावर समोर एकच राक्षस आणि चारच पर्याय ठेवले: लढा, मंत्र, पळ, वस्तू.

पुढच्या वर्षी आलेल्या दुसऱ्या भागात तिघांचं पथक झालं. तिसऱ्या भागात चौघांचं. तो तिसरा भाग फेब्रुवारी १९८८ मध्ये विक्रीला आला तेव्हा दुकानांबाहेर लांबलचक रांगा लागल्या आणि शाळा बुडवून मुलं त्यात उभी राहिल्याच्या बातम्या झाल्या.

या रचनेत आणखी एक उदारपणा आहे. एखादा राक्षस जड गेला, तर मागे फिरायचं, छोट्या लढाया करायच्या, अनुभवाचे गुण जमवायचे आणि ताकद वाढवून परत यायचं. हात कमी पडले, तर चिकाटी चालते.

मालिकेचं सुरुवातीचं संगीत कोइची सुगियामा यांचं. टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनात, २३ जुलै २०२१ रोजी, खेळाडूंचं संचलन सुरू झालं ते याच सुरांवर. जपानसाठी हा खेळ काय आहे, हे त्यावरून कळावं. आमच्याकडे तो पहिल्यांदा सुरू केला तेव्हा आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, ‘बँडची धून छान आहे हो. लग्नात लावण्यासारखी.’

स्टोअरकीपरचा हिशेब

खेड्यातला मुलगा डोंगर चढून येतो, मग मोठ्या शहरात राजाला भेटायला जातो, आणि राजा त्याला थेट तुरुंगात टाकतो. तिथे एरिक नावाचा चोर भेटतो. दोघं मिळून पळतात. इथून लढाई खऱ्या अर्थानं सुरू होते, कारण आता विचार दोघांचा करायचा असतो.

प्रत्येक पात्राचे दोन आकडे पडद्यावर दिसतात. एक अंगातल्या जिवाचा, तो शून्य झाला की पात्र कोसळतं. दुसरा मंत्रशक्तीचा. खेळात त्यांना एचपी आणि एमपी म्हणतात. बाबांनी पहिल्याच दिवशी त्यांचं बारसं केलं. दोघांनाही ते ‘शिल्लक’ म्हणतात. ‘एरिकची शिल्लक किती?’ ‘मंत्राची शिल्लक बघ.’ जखम भरणारा औषधी पाला दुकानात मिळतो, तो म्हणजे ‘माल’. त्यांनी नियम घातला: शिल्लक निम्म्याखाली आली की आधी उपचार, मग वार. कारखान्यात नटबोल्ट ठरावीक पातळीखाली गेले की मागणी नोंदवायची, तीच ही शिस्त.

पण लढाई काही स्टोअर नाही, आणि हे बाबांनीच शोधून काढलं. सातव्या-आठव्या तासाची गोष्ट. समोर तीन राक्षस, त्यातले दोन मरायला टेकलेले. एरिकची शिल्लक तिसऱ्या हिश्शावर. नियमानं पाला द्यायला हवा होता. बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘पाला देऊ नकोस. त्या डावीकडच्याला पाड. तीन जण मारतात त्याऐवजी दोघं मारतील. वाचलेला फटका म्हणजे पालाच की.’

मी त्यांच्याकडे बघितलं. तीन वर्षांत एवढं लांब, एवढं सरळ वाक्य त्यांच्या तोंडून क्वचित आलं होतं.

या लढाईतला सगळा रस मला तिथे सापडला. प्रत्येक खेळीला एकच काम करता येतं. वार केला तर उपचार राहतो, उपचार केला तर वार राहतो, बचाव केला तर दोन्ही राहतात. कोणाला आधी सांभाळायचं, कोणाला अजून एक फटका सोसायला लावायचा, हा प्रश्न दर फेरीला नव्यानं येतो. घर चालवणाऱ्या कोणत्याही बाईला हा हिशेब शिकवावा लागत नाही.

बाबांना आवडलेली आणखी एक गोष्ट म्हणजे बँक. मालिकेचा जुना नियम असा, की लढाईत सगळे पडले तर जाग येते चर्चमध्ये आणि जवळचं निम्मं सोनं गेलेलं असतं. बँकेत ठेवलेल्याला मात्र धक्का लागत नाही. अकराव्या भागात हरल्यावर आधीच्या टप्प्यापासून पुन्हा सुरू करण्याचाही पर्याय आहे. तरीही बाबा गावात शिरले की आधी बँकेत जायला लावतात.

झोपलेल्यावर वार

लढाया जिंकल्या की गुण मिळतात आणि त्यातून नव्या विद्या शिकता येतात. एरिक सुऱ्यांत तरबेज. त्याची एक विद्या शत्रूला झोपवते. दुसरी विद्या, ‘व्हिक्टिमायझर’, झोपलेल्या किंवा विष चढलेल्या शत्रूवर नेहमीच्या कितीतरी पट जोरात वार करते. दोन्ही जोडून वापरल्या तर मोठेमोठे राक्षस दोन खेळ्यांत आडवे होतात. माझा मुलगा हे वाचून उड्या मारायला लागला.

बाबांनी नकार दिला.

‘झोपलेल्यावर वार करायचा नाही.’

‘आजोबा, तो राक्षस आहे!’

‘असेल. पण हा अश्वत्थाम्याचा डाव आहे.’

मग त्या संध्याकाळी खेळ बाजूला राहिला आणि नातवाला सौप्तिक पर्व ऐकायला मिळालं. युद्ध संपल्यावर रात्री पांडवांच्या शिबिरात शिरलेला अश्वत्थामा, झोपेत मारलेले द्रौपदीचे मुलगे, आणि कपाळावरचा मणी गमावून भटकत राहिलेला तो माणूस. बाबांचा आवाज हल्ली बारीक झालाय, पण त्या अर्ध्या तासात कोणी टीव्हीचा आवाज वाढवा म्हणालं नाही.

दोन दिवसांनी आजोबा-नातवाचा तह झाला. काही राक्षस मंत्र टाकून आपल्याच माणसांना झोपवतात. जो आपल्याला आधी झोपवेल, त्याच्यावर ही विद्या चालेल. बाकीच्यांशी जागेपणी लढायचं. असा नियम खेळात कुठेही लिहिलेला नाही. पण थांबणाऱ्या लढाईत माणसाला आपले नियम आणायला जागा मिळते, हे मला तेव्हा जाणवलं. धावपळीत आपण फक्त जिंकायला बघतो.

जे खटकलं तेही

सगळंच गोड नाही. छोट्या लढाया खूप आहेत आणि त्यांचं संगीत तेच तेच वाजतं. आईनं शेवटी आवाज बंद करायला लावला. ताकद वाढल्यावर सुरुवातीचे राक्षस अगदीच लिंबूटिंबू होतात. मात्र ते मैदानात समोर दिसत असल्यानं टाळून जाता येतं. जुन्या भागांत ते न दिसता अचानक गाठायचे. लढाईचा वेग वाढवायची सोयही आहे. माझ्या मुलाला तरी हे सगळं फार सावकाश वाटतं. ‘यात मी काहीच करत नाही, फक्त ठरवतो,’ अशी त्याची तक्रार. त्याचं वय बघता ती रास्त आहे.

पण तोही एका लढाईसाठी धावत येतो. मेटल स्लाइम. दिसायला तोच थेंब, पण धातूचा. त्याच्यात जीव अगदी थोडा, कवच मात्र इतकं कठीण की बहुतेक वार वाया जातात. वर तो कधीही पळून जातो. मारला तर अनुभवाचे ढीगभर गुण मिळतात. तो पहिल्यांदा दिसला तेव्हा तिघंही एकदम ओरडत होते. पहिल्या फेरीत आमचे दोन वार वाया गेले, तिसऱ्यानं एकच ओरखडा काढला आणि दुसऱ्या फेरीला स्वारी पसार! बाबांनी मांडीवर थाप मारली आणि मिरजेच्या बाजारात ऐकू येतील असे दोन शब्द हासडले. आई आतून ओरडली, ‘अहो, मुलगा बसलाय तिथे!’ कित्येक महिन्यांनी घरात एवढा आवाज झाला होता.

‘तिला कळतं’

हॉट्टो नावाच्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावाच्या पुढे पथकात दोन जुळ्या बहिणी येतात. व्हेरोनिका आगीचे मंत्र टाकते, सेरेना उपचार करते. आता चौघं झाले, आणि चौघांसाठी प्रत्येक खेळी ठरवायची म्हणजे बाबा थकू लागले. इथे खेळाची एक जुनी सोय कामाला आली.

प्रत्येक साथीदाराला एक धोरण देऊन ठेवता येतं. शहाणपणानं लढ, दयामाया दाखवू नकोस, मंत्रशक्ती खर्चू नकोस, उपचारांवर लक्ष दे, किंवा फक्त माझी आज्ञा पाळ. शेवटचं सोडून कोणतंही निवडलं, की तो साथीदार स्वतःच्या मनानं खेळी करतो. ही कल्पना १९९० साली चौथ्या भागात आली. तिथे शेवटच्या अध्यायात साथीदारांना थेट हुकूम देताच येत नव्हते, फक्त धोरण सांगायचं आणि विश्वास ठेवायचा. पुढच्या भागांत आज्ञेचा पर्याय परत आला.

बाबांनी तिघांनाही ‘माझी आज्ञा पाळ’ यावरच ठेवलं होतं. वाळवंटातल्या गॅलोपोलिस राज्यात एका महाकाय विंचवाशी गाठ पडते. त्याच्याशी पहिल्यांदा लढलो आणि हरलो. बाबा माल राखून ठेवत होते. विंचवाचे लागोपाठ फटके बसले, सेरेना कोसळली, आणि उपचार करणारीच पडल्यावर बाकीचे किती टिकणार?

दुसऱ्या दिवशी पुन्हा विंचवासमोर जाण्याआधी बाबा म्हणाले, ‘सेरेनाला आज्ञेतून काढ. शहाणपणानं लढ म्हणून सांग.’

‘नक्की? ती मंत्रशक्ती उधळेल.’

‘उधळू दे. जवळ उभी आहे ती. तिला कळतं कोणाला काय लागतंय. मी इथून सांगेपर्यंत उशीर होतो.’

लढाई सुरू झाली. सेरेना आपल्या मनानं उपचार करू लागली. एकदा तर शिल्लक निम्म्याहून बरीच वर असतानाच तिनं एरिकला बरं केलं. मी बाबांकडे बघितलं, ते काही बोलले नाहीत. पुढच्याच फटक्यात एरिक जेमतेम वाचला.

मग नायकाची खेळी आली. यादी पडद्यावर उघडली. विंचू नांगी हलवत उभा होता. मी हुकमाची वाट बघत होते. बाबा पडद्याकडे बघतच म्हणाले, ‘गणपतीला मिरजेला जाऊ म्हणतो. आणि मग तिथेच राहू.’

माझ्या ओठांवर तयार उत्तरं होती. बाथरूम, जिना, रात्रीबेरात्री डॉक्टर, आईचे गुडघे. या सगळ्यावर आमचं आधी बोलणं झालं होतं. म्हणजे मी बोलले होते आणि ते ‘बरं’ म्हणाले होते. या वेळी पडद्यावर कोणी हलत नव्हतं आणि मलाही घाई करायचं काही कारण नव्हतं. मी गप्प बसले.

बराच वेळ गेला. त्यांचा हात मांडीवर थरथरत होता. मग वाक्य आलं.

‘तुम्ही सगळं ठरवता. चांगलंच ठरवता. पण मला विचारत जा. मला उत्तर द्यायला वेळ लागतो, एवढंच. उत्तर असतं.’

आई दारात येऊन उभी होती. तिनंही मध्ये तोंड घातलं नाही. आम्ही तिघं त्या विंचवासमोर चांगला पाऊण तास बोललो. बाथरूममध्ये धरायला दांडे बसवायचे, झोपायची खोली खाली आणायची, दिवसा एक मदतनीस ठेवायचा. गणपतीपासून दिवाळीपर्यंत राहून बघायचं. नाही जमलं, तर पुन्हा बोलायचं. बाबांनी तीन गोष्टी मान्य केल्या, एक नाकारली. काठीऐवजी वॉकर वापरायला ते तयार नाहीत. त्यावर अजून तह झालेला नाही.

‘आता मार,’ ते शेवटी म्हणाले.

मी बटण दाबलं. विंचू पडायला आणखी चार फेऱ्या लागल्या. शेवटचा घाव व्हेरोनिकाच्या आगीचा होता, आणि तो मंत्र बाबांनी निवडला होता.

सध्या आम्ही वाळवंट ओलांडून पुढे निघालोय. पाल्याच्या नऊ पुड्या उरल्यात, एरिकची शिल्लक निम्म्यावर आहे, आणि पुढच्या गावात शिरल्यावर आधी बँक, मग दुकान, असा हुकूम सुटलेला आहे. सेरेनाला अजून कोणी आज्ञा दिलेली नाही.